नारू, हापसा आणि "मदतीने कधी कुणाचं भलं झालंय?"

कातळपाणी
रविवार, रात्री ९:५०

काल यूएसएडच्या (अमेरिकी सरकारच्या परदेशी मदत वाटणाऱ्या संस्थेच्या) धाग्यावर सरळसोट यांनी जो प्रतिसाद टाकला, त्याने माझी झोप उडाली असं म्हणणार नाही, झोप लागली. पण सकाळी चहा घेताना पहिलं तेच आठवलं. तो धागा कुणाला उपसायला लागू नये म्हणून त्यांचं म्हणणं थोडक्यात: १९६१ साली केनेडींनी काढलेलं दुकान २०२५ च्या १ जुलैला बंद झालं ते बरंच झालं. साठ वर्षं गोऱ्यांनी पैसा ओतला आणि आफ्रिका आहे तिथेच आहे. चीनने कुणापुढे हात न पसरता ऐंशी कोटी माणसं गरिबीतून वर काढली. आणि शेवटी, "परदेशी मदतीने कधी कुणाचं भलं झाल्याचं एक उदाहरण दाखवा, मिशी काढतो."

उदाहरण घ्या. नारू.

चाळिशीच्या आतल्यांनी हा शब्द ऐकला नसेल तर घरात कुणा म्हाताऱ्या माणसाला विचारा. माझ्या आजीच्या डाव्या घोट्याभोवती तीन पांढरट वण होते, आगकाडीच्या गुलाएवढे. अंबड तालुक्यातलं गाव, प्यायला बारवेचं पाणी. बायका पायऱ्या उतरून गुडघाभर पाण्यात उभ्या राहायच्या आणि घागर बुडवायच्या. ज्याच्या पायाला नारूचा फोड, त्याच्या पायाची अशी आग व्हायची की तोही पाय पाण्यात सोडून बसायचा. पाय पाण्यात गेला की किडा आपली पिल्लं तिथे सोडणार, ती पाण्यातल्या बारीक पिसवांच्या पोटात जाणार आणि ते पाणी जो पिईल त्याच्या अंगात वर्षभराने दीड-दोन हातांचा दोरा तयार. तो ओढून काढता येत नाही. काडीला गुंडाळायचा, रोज बोटाच्या पेराएवढा. आजी एकदा ऐन मृगाच्या तोंडावर एकोणीस दिवस ओट्यावर काडी धरून बसली होती. विसाव्या दिवशी वासराचा धक्का लागला, दोरा तुटला, पाय सुजून खांबाएवढा. त्या वर्षी आमची पेरणी उशिरा झाली आणि त्याबद्दल आजोबांनी आजीला जन्मभर ऐकवलं.

याला लस नाही, औषध नाही. १९८६ मध्ये जगात अंदाजे ३५ लाख लोकांना नारू होता. त्या वर्षी जिमी कार्टर यांच्या संस्थेने हे काम अंगावर घेतलं. २०२४ मध्ये सगळ्या जगात मिळून रुग्ण किती? १५. पंधरा हजार नाही, पंधरा. साधनं काय, तर कापडाची गाळणी, गळ्यात अडकवायची गाळणीची नळी, तळ्यात टाकायचं औषध आणि गावोगाव पायी फिरणारी माणसं. १९९५ मध्ये सुदानात यादवी चालू असताना कार्टरनी जवळपास सहा महिने युद्धबंदी घडवून आणली, का तर नारूवाल्यांना गावात शिरता यावं म्हणून.

दुसरं उदाहरण हापशाचं. माझे वडील पंचायत समितीच्या हापसा दुरुस्तीच्या गाडीवर होते, त्यामुळे हे मला पाठ आहे. साठच्या दशकाच्या शेवटी युनिसेफने कातळ फोडणारी यंत्रं आणली. भोकं पडली, पण वर जे बिडाचे पंप बसवले ते परदेशातल्या एकेका कुटुंबाच्या शेतवाडीसाठी बनवलेल्या पंपांची नक्कल. आपल्याकडे एका पंपावर अख्खं गाव. १९७४ मध्ये पाहणी केली तेव्हा दर चारांतले तीन बंद. उपाय कुठे सापडला? जालन्यात आणि सोलापुरात. जालन्याच्या मिशनवाल्यांनी स्वतःपुरता एक पोलादी पंप बनवला होता. त्याच वाटेने पुढे सोलापूर पंप आला आणि तो स्वतःच्या बळावर शिकलेल्या एका मिस्त्रीच्या डोक्यातून निघाला होता. युनिसेफने तो उचलला, कोइमतूरकडे खऱ्या गावांत घासून बघितला, आणि झाला इंडिया मार्क टू. नव्वदीच्या मध्यापर्यंत जगभरात जवळपास ५० लाख बसले. आज आफ्रिकेतली बाई जो दांडा हापसते, त्याचं आजोळ मराठवाड्यात आहे.

वस्तरा पाठवू का?

सरळसोट
रविवार, रात्री १०:३५

वस्तरा जपून ठेवा, तुम्हालाच लागेल.

तुमच्या आजीचा नारू कार्टरने घालवला? भारतात नारू निर्मूलनाचा राष्ट्रीय कार्यक्रम १९८३-८४ चा, म्हणजे कार्टरसाहेब उठायच्या आधीचा. भारत सरकारचा, भारताच्या पैशाने, भारताच्या आरोग्यसेवकांनी राबवलेला. शेवटचा रुग्ण १९९६ मध्ये राजस्थानात, २००० मध्ये प्रमाणपत्र. तुमचं उदाहरण माझ्या खात्यात जमा करून घेतो.

हापशाचंही तेच. परदेशी पंप बंद पडले, देशी मिस्त्रीचा चालला. मी काल वेगळं काय म्हणालो?

तुम्ही जालन्याचे, म्हणून ७२ चा दुष्काळही घेऊ. त्या दुष्काळात महाराष्ट्र जगला तो कामावर. ऐन भरात पन्नास लाखांच्या आसपास माणसं सरकारी कामांवर खडी फोडत होती. वि. स. पागे यांच्या कल्पनेतून रोजगार हमी आली, तिचा पैसा शहरातल्या पगारदारांच्या व्यवसाय करातून. आजही माझ्या पगारातून कापतात, मी कधी कुरकुर केली नाही. (केली. पण भरला.) परदेशी मदत म्हणजे झाईरचा हुकूमशहा मोबुटू याने गबाडोलितेच्या जंगलात काँकॉर्ड उतरेल एवढी धावपट्टी बांधली, ती.

उंटावरचा शहाणा
रविवार, रात्री १०:४१

जागा धरून ठेवतो. शेंगदाणे खारे की साधे?

विदा_दाखवा
सोमवार, सकाळी ६:१५ (आमच्याकडे रविवारच)

सरळसोट, चीनबद्दल तुम्ही काल लिहिलंत तेव्हाच लिहायचं होतं. हात न पसरता? चीन जागतिक बँकेच्या सवलतीच्या कर्जखिडकीवर १९९९ पर्यंत उभा होता आणि मोठ्या गिऱ्हाइकांपैकी होता. त्या पैशाने चीन श्रीमंत झाला असं मी म्हणत नाही, पण "हात न पसरता" हे खोटं आहे.

गरिबी आणि आरोग्य तुम्ही एकाच पोत्यात भरताय. परदेशी मदतीने देश श्रीमंत झाल्याचा पुरावा तोकडा आहे, मान्य. लहान मुलं जगल्याचा पुरावा तोकडा नाही. पाच वर्षांच्या आतली मुलं १९९० मध्ये सव्वा कोटीच्या वर मरत होती, २०२२ मध्ये ५० लाखांच्या आत आली. याचं सगळं श्रेय मदतीला नाही, पण लसी, मच्छरदाण्या, एचआयव्हीची औषधं ही यादी डोळ्यांआड कशी करणार? बुशने २००३ मध्ये सुरू केलेल्या एचआयव्ही कार्यक्रमाने अडीच कोटी जीव वाचवले असा अमेरिकी सरकारचाच दावा होता. निम्मा खोटा धरा, तरी सव्वा कोटी उरतात. आणि २०२५ च्या मार्चमध्ये यूएसएडची ८३ टक्के कामं रद्द केली ती काय एकेक तपासून? सहा आठवड्यांत पाच हजारांवर करार. एवढ्या वेळात आमच्या सोसायटीत लिफ्टचं कंत्राट बदलत नाही.

सरळसोट
सोमवार, सकाळी ८:०२

न्यू जर्सीत बसून अमेरिकेच्या बजेटला रडताय. परदेशी मदत तिथल्या खर्चाच्या एक टक्क्याच्या आसपास. त्या एक टक्क्यावर जर आफ्रिकेतल्या एखाद्या देशाच्या दवाखान्यातल्या गोळ्या अवलंबून असतील, तर दोष गोळ्या थांबवणाऱ्याचा की वीस वर्षं स्वतःच्या बजेटात गोळ्यांचा रकाना न घालणाऱ्याचा? एका सहीने थांबते ती व्यवस्था नव्हे, ती खिरापत. हे मी म्हणतो तेव्हा मी निर्दयी.

आडगावचा डॉक्टर
सोमवार, दुपारी १:२०

दोघांनाही नमस्कार. मी ८५ ते ९१ मराठवाड्यातल्या एका प्राथमिक आरोग्य केंद्रावर होतो. नारू स्वतःच्या हाताने काडीला गुंडाळले आहेत, त्यामुळे चार शब्द.

सरळसोट बरोबर आहेत, भारतातला नारू भारताने घालवला. पण अर्धंच बरोबर. १९८४ मध्ये देशात ४० हजारांच्या आसपास रुग्ण होते. आम्ही घरोघर शोध घ्यायचो, विहिरीत टेमेफॉस हे औषध टाकायचो आणि गावात हापसा मागायचो. तो हापसा कातळपाणी म्हणतात त्याच कुळातला. कुठलं भांडं कुणाच्या पैशाचं, हे आम्हाला ठाऊक नसायचं आणि विचारायला वेळ नसायचा. टेमेफॉसच्या डब्यावर मात्र कंपनीचं नाव ठळक असायचं, एवढं आठवतं.

सगळ्यात अवघड काम बारवेचं. गावाला सांगायचं की पायऱ्या बंद करा, वरून कठडा बांधा, राहाटाने पाणी शेंदा, पाण्यात पाय घालू नका. एका गावात मी उभं राहून पायऱ्या बुजवून घेतल्या. लोक शिव्या देत होते. पुढच्या उन्हाळ्यात त्या गावात दोन नारू, त्याच्या पुढच्या उन्हाळ्यात एकही नाही.

गोदामाई
सोमवार, दुपारी १:५८

डॉक्टर, तुम्ही हे अभिमानाने लिहिताय?

आम्ही सहा वर्षं बारवा उकरतोय. दर रविवारी. पैठण, अंबड, घनसावंगी. एका बारवेत गाळ आणि दगडगोटे काढता काढता पंधरा फुटांवर देवकोष्ठ लागलं, आत शेषशायी. नाक फुटलेलं, कारण वरून ट्रॉलीने मुरूम ओतला होता. गावातल्या म्हाताऱ्याला विचारलं कुणी बुजवली, तो म्हणाला, "नारूवाल्यांनी." तुम्ही नसाल, तुमचा भाऊबंद असेल. आठशे वर्षांचं बांधकाम, हेमाडपंती, चुन्याचा कण नाही, आणि कुठल्या साहेबाने कागदावर लिहिलं की पायऱ्यांची विहीर म्हणजे रोगाचं घर, की ओता मुरूम.

परदेशी मदतीचं मला हेच खटकतं. ती येते ती स्वतःचं उत्तर घेऊन येते. बारव गाळ काढून, कठडा घालून, एका बाजूने शेंदण्याची सोय करूनही ठेवता आली असती. पण त्याला हापसा लागत नाही, यंत्र लागत नाही, अहवालात फोटो येत नाही.

आडगावचा डॉक्टर
सोमवार, दुपारी २:३०

ताई, अभिमानानेच. आणि पुन्हा तीच वेळ आली तर पुन्हा बुजवीन.

मुरूम ओतायला आम्ही सांगितलं नव्हतं, खालच्या चार-पाच पायऱ्यांपुढे भिंत घालायला सांगितलं होतं. मुरूम ग्रामपंचायतीने ओतला, कारण भिंतीच्या अंदाजपत्रकापेक्षा ट्रॉली स्वस्त. ते चूक झालं. पण तुम्ही ज्या पायऱ्यांवर पणत्या लावून दीपोत्सव करता, त्याच पायऱ्यांवर मी सात वर्षांची पोर बसलेली पाहिली आहे, दोन्ही पायांतून तीन दोरे लोंबत असलेली. शेषशायीचं नाक मला त्यापुढे दिसत नाही, क्षमा करा.

बोअरबहाद्दर
सोमवार, दुपारी ४:११

सगळे शिकलेले लोक भांडायलेत म्हणून राहवलं नाही. मी आष्टीचा, बीड जिल्हा. माझ्या रानात सात बोअर आहेत. त्यातल्या एकाला पाणी, तेही दिवाळीपर्यंत. शेवटचा नऊशे फूट मारला, नुसता फुफाटा निघाला. कर्ज अजून फिटतंय.

माझा आजा म्हणायचा, बाहत्तरला मिलो ज्वारीची लाल भाकरी खाल्ली, जनावर खाईना ती. ती अमेरिकेची मदत. त्यांच्या गव्हासंगं गाजर गवत आलं, ते आजपण बांधावर आहे. आणि त्यांच्याच यंत्रानं जमिनीला भोकं पाडायची सवय लागली. आधी बारवेला बारा महिने पाणी होतं. बारव बुजवली, हापसा आला. हापसा आटला, बोअर आला. बोअर आटला, टँकर आला. टँकर कुणाचा हे विचारू नका, आमच्याकडं सगळ्याला म्हाईत आहे. ही तुमची मदत.

कातळपाणी
सोमवार, संध्याकाळी ७:०५

बोअरबहाद्दर, तुमच्या सात बोअरचं दुःख खरं आहे, पण खून भलत्याच्या माथी मारताय.

हापसा मिनिटाला दहा-बारा लिटर देतो, तेही बाईने घाम गाळला तर. दिवसभर हापसला तरी तुमच्या साडेसात हॉर्सपॉवरच्या मोटरीने तेवढं पाणी अर्ध्या-पाऊण तासात ओढलं. भूजल हापशाने खाल्लं म्हणजे मुंगीने पोतं पळवलं. उसाचं नाव घ्यायला काय होतं? २००९ चा आपल्याच राज्याचा कायदा आहे, अधिसूचित भागात दोनशे फुटांच्या खाली शेतीला विहीर घ्यायची नाही म्हणून. नऊशे फूट युनिसेफने मारला?

गाजर गवताचं तर काय सांगावं. ते पीएल-४८० च्या, म्हणजे अमेरिकी धान्यमदतीच्या, गव्हातून आलं ही आपल्याकडची आवडती कथा आहे. तो करार १९५६ च्या ऑगस्टचा, आणि पुण्यात ते गवत त्याआधीच दिसल्याची नोंद आहे. पण अमेरिकेच्या नावावर खपतं म्हणून खपवायचं. आणि बाहत्तरच्या कामांवर पोरांना सुकडी मिळायची ती केअर या परदेशी संस्थेची, हे सरळसोट सोयीस्कर विसरले. माझ्या वडिलांच्या वयाच्या कुणालाही विचारा, सुकडीची चव सांगतील.

बोअरबहाद्दर
सोमवार, संध्याकाळी ७:३०

ऊस माझ्याकडं एक टिपरू नाही. मोसंबी होती, ती पंधरा-सोळाच्या दुष्काळात तोडून सरपण केली. न विचारता ऊसवाला म्हणू नका. तुम्ही आता कुठं राहता? अंबडला का संभाजीनगरला, नळाच्या पाण्यावर?

कातळपाणी
सोमवार, संध्याकाळी ७:४४

संभाजीनगरला. नळ आठवड्यातून एकदा येतो, पण तुमचा मुद्दा कळला. ऊसवाला म्हणालो ते चुकलं, मागे घेतो. मोटरीचं मागे घेत नाही.

उंटावरचा शहाणा
सोमवार, संध्याकाळी ७:५०

सारांश: आफ्रिकेच्या गरिबीवरून निघालो, आष्टीच्या मोसंबीवर पोचलो. शेंगदाणे संपले. बाकी पुण्याचं नाव अजून कुणी काढलं नाही, आश्चर्य आहे.

विदा_दाखवा
सोमवार, रात्री ८:१०

काढतो. आफ्रिकेच्या मेंदुज्वर पट्ट्यासाठी लस हवी होती. मोठ्या कंपन्यांना त्यात नफा दिसेना. गेट्सचा पैसा, जागतिक आरोग्य संघटना आणि पाथ ही संस्था, आणि लस बनवली पुण्याच्या सीरमने, डोसाला अर्ध्या डॉलरच्या आत. २०१० च्या डिसेंबरात बुर्किना फासोत पहिली मोहीम. त्या जातीचा मेंदुज्वर त्या पट्ट्यातून जवळपास गेला. सरळसोट, तुम्ही पुण्याचेच ना? मिशी कोथरूडची की पेठेतली?

सरळसोट
सोमवार, रात्री ८:५५

पेठेतली. म्हणून एवढ्या सहज उतरत नाही.

लस उत्तम उदाहरण, नारूपुरतंही कार्टरला दंडवत, घ्या. टोचून मोकळं होण्याचं काम परदेशी मदत करू शकते, हे मी काल लिहायला हवं होतं. पण टोचून मोकळं होता येत नाही तिथे काय होतं ते बघा. बांगलादेश. सत्तरच्या दशकात युनिसेफच्या पाठिंब्याने गावोगाव नळविहिरी घातल्या, का तर तळ्याच्या पाण्याने हगवण होते. हेतू नेक. १९९३ मध्ये त्या पाण्यात आर्सेनिक सापडलं. तोवर कोट्यवधी माणसं तेच पीत होती. पाणी तपासताना आर्सेनिक तपासायचं असतं हे कुणाच्या यादीतच नव्हतं. डॉक्टर, तुम्ही पुन्हा पायऱ्या बुजवाल, ठीक. पण ज्या हापशाच्या भरवशावर बुजवल्या त्याचं पाणी कुणी तपासलं होतं?

आडगावचा डॉक्टर
सोमवार, रात्री ९:४०

जंतूंसाठी तपासलं होतं. फ्लोराइडसाठी नाही. यवतमाळ, चंद्रपूर, नांदेडकडच्या काही गावांत पोरांचे दात पिवळे-तपकिरी झाले तेव्हा कळलं. हा प्रश्न तुम्ही मला ८८ साली विचारला असतात तर बरं झालं असतं.

झांबेझी
मंगळवार, पहाटे ५:२५

मी सहसा वाचतो फक्त. झांबियात सहा वर्षं काढली, पाण्याच्याच कामावर, एका मोठ्या देणगीवर चालणाऱ्या प्रकल्पात. नाव घेत नाही, पेन्शनचा प्रश्न आहे.

एका शाळेत मी तो प्रसिद्ध खेळता पंप पाहिला. मुलांनी चक्रीवर बसून गोल फिरायचं, त्याने पाणी वर टाकीत चढायचं, टाकीच्या चारी बाजूंनी जाहिराती. २००६ मध्ये लॉरा बुशबाईंनी न्यूयॉर्कात त्याच्यासाठी एक कोटी चौसष्ट लाख डॉलर जाहीर केले, त्यात अमेरिकी सरकारचाही वाटा. एकेक पंप चौदा हजार डॉलरचा, साध्या हापशाच्या चौपट. एका ब्रिटिश वर्तमानपत्राने हिशेब केला की ठरवलेल्या माणसांना पाणी पुरवायचं तर पोरांनी दिवसाचे २७ तास खेळायला हवं. मी पाहिला तेव्हा शाळा सुटलेली होती. दोन बायका, एकीच्या पाठीला मूल बांधलेलं, कमरेत वाकून ती चक्री ढकलत होत्या. पाणी हवं असतं तेव्हा पोरं नसतात, हे जाहीर करणाऱ्यांच्या लक्षात आलं नव्हतं. जुना हापसा? तो उपटून त्याच भोकावर चक्री बसवली होती.

पण सरळसोट, तुम्ही लगेच टाळ्या वाजवू नका. तिथून बारा किलोमीटरवर मार्क टू होता. तोही बंद. आफ्रिकेत कुठल्याही दिवशी ढोबळमानाने एक तृतीयांश हापसे बंद असतात. दोष पंपाचा नाही. वायसर (वॉशर) गेलं. आतलं वायसर बदलायला पूर्ण पाइप वर ओढावा लागतो, तिवई लागते, चार माणसं लागतात आणि ज्याला हे येतं तो माणूस दोनशे किलोमीटरवरच्या गावात. माझ्या प्रकल्पात पंप बसवायला पैसा होता, दुरुस्त करायला रकाना नव्हता. मी तीनदा लिहून मागितला. उत्तर आलं की देखभाल ही गावाची जबाबदारी, त्याने मालकीची भावना वाढते. मालकीची भावना! पुण्यात कुठल्या सोसायटीत मालकीच्या भावनेने मोटर दुरुस्त होते? कातळपाणींचे वडील गाडी घेऊन यायचे म्हणून जालन्याचा हापसा चालला. ती गाडी निर्यात करायला कुणाला सुचलं नाही.

कातळपाणी
मंगळवार, सकाळी ७:१०

वडिलांच्या गाडीत चालक धरून चार माणसं, तालुक्यातले सगळे हापसे त्यांच्याकडे. उन्हाळ्यात घरी यायचे ते ग्रीसने काळे होऊन, आणि आई जेवणाआधी रॉकेलने हात धुवायला लावायची. त्यांचा सगळा जीव साखळीवर. वरच्या डोक्यातली साखळी कोरडी पडली की दांडा जड जातो, म्हणून गावातल्या बायकांनाच ते ग्रीसचा डबा देऊन ठेवायचे. साहेब रागवायचे, डबे हिशेबात कमी भरतात म्हणून.

सरळसोट, तुमचा पगारातून कापलेला कर कदाचित त्या ग्रीसमध्ये गेला असेल. त्याबद्दल मनापासून आभार, उपरोध नाही.

सरळसोट
मंगळवार, सकाळी ९:३०

आभार पोचले. म्हणजे एकूण हिशेब असा की पंप जालन्याचा, गाडी सरकारची, ग्रीस माझं, आणि श्रेय युनिसेफचं. मी इतके दिवस हेच तर...

विदा_दाखवा
मंगळवार, सकाळी ९:३४

आणि भोक? कातळात भोक कुणाच्या यंत्राने पाडलं?

सरळसोट
मंगळवार, सकाळी ९:४१

भोकाचं श्रेय दिलं. भोकापुरतं. मिशीचा डावा निम्मा.

गोदामाई
मंगळवार, सकाळी १०:२२

तुमचं मिशांचं उरका. डॉक्टर, काल जरा जास्त बोलले. ती पोर डोळ्यांपुढून जात नाही. तरी मुरुमाचं मी सोडणार नाही. भिंत घालायला सांगून निघून जायचं आणि मुरूम पडला तर तो ग्रामपंचायतीचा, हे झांबेझींच्या साहेबांसारखंच झालं. आणि बोअरबहाद्दर, आमच्या दोन बारवांना गाळ काढल्यावर यंदा होळीपर्यंत पाणी होतं, आजूबाजूच्या बोअरांनाही फरक पडला असं गावकरी म्हणतात. मोजमाप नाही माझ्याकडे, विदावाले तुटून पडतील. बघायला या.

बोअरबहाद्दर
मंगळवार, सकाळी ११:००

फोटोवाल्यांच्या गर्दीत येणार नाही. उन्हाळ्यात एकटा येऊन पाणी बघून जाईन. तेव्हा असलं तर मानीन.

गोदामाई
मंगळवार, सकाळी ११:०६

या. आता एक कामाचं विचारते, कातळपाणी. आमच्या रविवारच्या बारवेजवळ एक जुना हापसा आहे. श्रमदानाला तीस-चाळीस माणसं, प्यायला पाणी गावातून आणावं लागतं. दांडा अगदी हलका हलतो, खालून काही येत नाही. गेलाय का कायमचा?

कातळपाणी
मंगळवार, सकाळी ११:१५

दांडा हलका लागतो आणि पाणी नाही म्हणजे खाली रॉड सुटला असणार, नाहीतर वायसर गेलं असणार.  बोअरमध्ये दोरीला बांधून खडा सोडून बघा, पाण्याचा आवाज येतो का. आला तर पंप मेलेला नाही. वडिलांचे पाने आणि पाइप धरायचा चिमटा माझ्याकडे आहेत, तिवई बघावी लागेल.

सरळसोट
मंगळवार, सकाळी ११:२०

आणि वायसर? कुठल्या देशाच्या सौजन्याने?

कातळपाणी
मंगळवार, सकाळी ११:२२

जालन्यात मिळतं, जुन्या मोंढ्याकडे. पाइप ओढायला चार माणसं लागतात, तीन आहेत. सहा वाजता निघायचं.

सरळसोट
मंगळवार, सकाळी ११:४०

रविवारी सकाळी सहा? पुण्याहून?

चहाची सोय आहे का, एवढं सांगा.